चुडामणभाऊंचा बिल्ला

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
२९ ऑक्टोबर १९५८

प्रिय मालू,

पाकिटावरचं माझं गिचमिड अक्षर ओळखून हे पत्र तसंच चुलीत सारायला निघाली असशील, तर घडीभर थांब. आधी बातमी वाच, मग चूल तुझीच आहे. आमच्या ह्यांची पेन्शन मंजूर झाली. परवा सोमवारी, ऐन कोजागिरीच्या दिवशी, इंदूरच्या विमा ऑफिसातून हुकूम आला. मिलमध्ये उजव्या हाताची चार बोटं गेली, तो हात आता मागावर चालणार नाही, म्हणून ते हयात असेपर्यंत दर महिन्याला पैसे मिळणार. दोन वर्षं तीन महिने ज्या कागदाची वाट पाहिली तो कागद आला तेव्हा मी भाकरी थापत होते. तसल्याच हातांनी उघडला, म्हणून त्याच्या कोपऱ्याला ज्वारीचं पीठ लागलंय. मी तो तीनदा वाचला, मग सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांचा विश्वास इतक्या सहज कुठला बसायला? "काम न करता सरकार घरी पैसे धाडीन, असं कुठी असते का वं?" असं म्हणत त्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. मागे काहीच नव्हतं. मग तो देवापुढे ठेवला आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडले. मग पोटभर जेवले आणि दुपारी चक्क झोपले. मला दुपारी झोपलेलं तू जन्मात कधी पाहिलंयस का?

ही बातमी सगळ्यांत आधी तुला सांगावी असं वाटलं, आणि तुलाच सांगायला मला तोंड नाही. नळावरचं माझं बोलणं तू विसरली नसशील. मीही विसरलेले नाही. त्या सकाळी तू तीन महिन्यांची लेक कडेवर घेऊन हंडा भरायला आली होतीस. माहेरून, दापोऱ्याहून, येऊन तुला एकच दिवस झाला होता. पाच-सहा बायका रांगेत उभ्या होत्या, आणि मी सगळ्यांच्या देखत तुला म्हणाले, की तुझ्या नवऱ्यानं, चुडामणभाऊंनी, माझ्या माणसाच्या तुटलेल्या बोटांवर स्वतःचं नाव लिहून घेतलं, विम्याचे पैसे खायला. तू अर्धाच भरलेला हंडा उचललास आणि गेलीस. सहाव्या दिवशी तुमच्या दारात बैलगाडी उभी राहिली आणि तुम्ही मिल सोडून, सगळं सामान घेऊन धूलकोटला, चुडामणभाऊंच्या गावी, निघून गेलात. मी दाराच्या फटीतून पाहत होते. तू माझ्या दाराकडे एकदा तरी बघशील असं वाटलं होतं. नाही बघितलंस, बरं केलंस.

खरं सांगू, तुझ्यावर रागावायची मला सवयच नव्हती. दापोऱ्याच्या शाळेत चौथीपर्यंत एका पाटीवर शिकलो आपण, कारण माझी पाटी मी पहिल्याच आठवड्यात फोडली होती. मास्तरांनी विचारलं तेव्हा तू सांगितलंस की पाटी तुझ्या धक्क्यानं फुटली, आणि छडीही तूच खाल्लीस. आपली लग्नंही एकाच उन्हाळ्यात, एकाच गल्लीत, समोरासमोरच्या दारांत. गावातल्या बायका म्हणायच्या, ह्या दोघी हुंड्यात एकमेकींना घेऊन आल्या. मला भाऊ नाही आणि चुडामणभाऊंना बहीण नाही, म्हणून पहिल्याच दिवाळीत ते आपण होऊन आमच्या घरी पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, "चल कुसुम, ओवाळ. जलेबी आणली आहे, पण आधी ओवाळ." मावा जलेबीचा तो पुडा मांडीवर तसाच धरून बसले होते, कुणी पळवेल म्हणून. तेव्हापासून दर भाऊबीजेला त्यांचा पाट आणि त्यांचा पुडा ठरलेला. आणि दहा वर्षांनी जेव्हा तुला दिवस गेले, तेव्हा सगळ्यांत आधी काय ठरलं? की बाळाची आत्या मी, आणि बारशाला कानात नाव मी सांगायचं. मला मूल नाही, ह्याचं दुःख त्या दिवशी अर्धं झालं होतं, मालू. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

आता त्या आषाढाचं लिहिते. तुला अर्धंच ठाऊक आहे, कारण तू तेव्हा बाळंतपणाला माहेरी होतीस. दापोऱ्याहून निरोप आला की मालू अडली आहे, सुईण घाबरली आहे, माणसानं ताबडतोब यावं. चुडामणभाऊंची सकाळची पाळी होती आणि त्यांचे आधीच इतके खाडे झाले होते की आणखी एक झाला तर नाव कमी करू, असं मिलनं लिहून दिलं होतं. आमच्या ह्यांची पाळी दुपारची. मिलमध्ये असं सर्रास चालायचं, तुला माहीतच आहे. ज्याला जायचं त्यानं आपला नंबरचा पितळी बिल्ला दुसऱ्याला द्यायचा, त्यानं तो फाटकावर दाखवून त्याच्या मागावर उभं राहायचं, आणि पाळीवर देखरेख करणाऱ्या जॉबरनं दुसरीकडे बघायचं. ह्यांनीच चुडामणभाऊंच्या हातातून बिल्ला काढून घेतला आणि म्हणाले, "तू पळ. पोरगी झाली तर जलेबी, पोरगा झाला तरी जलेबी." चुडामणभाऊ धावतच गेले. आणि दहाच्या सुमाराला मागावरचा कापूस झटकताना ह्यांची बाही चाकात सापडली.

दवाखान्यात काय झालं ते मी तुला आज पहिल्यांदा सांगणार आहे. पण ते जरा पुढे. आधी मला लिहिता लिहिता धीर येऊ दे.

पंधरा दिवसांनी विमा ऑफिसचा माणूस चौकशीला गल्लीत आला. ती विमा योजना आपल्याकडे तेव्हा नवी नवीच लागू झाली होती. पगारातून पैसे कापतात म्हणून हे आणि चुडामणभाऊ आमच्या ओट्यावर बसून सरकारचा उद्धार करायचे, आठवतं? पण आता त्याच विम्यावर आमची सगळी भिस्त होती. त्या माणसाच्या कागदावर दवाखान्याच्या नोंदीवरून लिहिलेलं होतं: जखमी कामगार, चुडामण. त्यानं तुमचं दार ठोठावलं, तर चुडामणभाऊ दोन्ही धडधाकट हातांनी कडी काढून बाहेर आले! तो माणूस त्यांच्या हातांकडे बघतो, कागदाकडे बघतो, पुन्हा हातांकडे बघतो. झालं. त्याला वाटलं, दोघांनी मिळून सरकारला फसवायचा घाट घातलाय. मिलनंही चौकशी लावली. आमच्या घरी जबाब घेत असताना चुडामणभाऊ खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे हे खाटेवरूनच म्हणाले, "बिल्ला मी न विचारता उचलला. त्याला पत्ता नाही." बिल्ला दिल्याचं कळलं असतं तर चुडामणभाऊंची नोकरी त्याच दिवशी गेली असती, आणि तू दापोऱ्याला ओली बाळंतीण. ह्यांनी त्यांना डोळ्यांनीच असं काही दटावलं की ते गप्प बसले ते बसलेच. निकाल लागला: हा माणूस आपल्या पाळीवर नव्हता, दुसऱ्याच्या नावानं काम करत होता, विमा मिळणार नाही.

मग गल्लीत कुजबुज सुरू झाली. पण ते नाव दवाखान्यात लिहिलं कुणी? चुडामणनंच संध्याकाळी येऊन लिहवलं असेल, पैसे आपल्याकडे वळवायला. कुणी पहिल्यांदा म्हटलं मला माहीत नाही. माझ्या कानावर आलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही. पुढे तर मीच ते नळावर ओरडून सांगितलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते लांबवत नाही. मी विणकरांकडे सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागले. हे घरी. ज्या माणसानं एका वेळी दोन माग सांभाळले त्याला सदऱ्याचं बटण लावता येईना. मी लावायला गेले की हात झटकायचे. दुपारच्या पाळीचा भोंगा झाला की उठून उभे राहायचे, दारापर्यंत जायचे आणि परत येऊन बसायचे. असं वर्षभर. मला वाटायचं, हा भोंगा तरी बंद पडावा. तिकडे आमचा अर्ज नागपूरच्या ऑफिसात गेला होता, आणि तेवढ्यात नवं राज्य झालं. नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो, राजधानी भोपाळला. आम्ही लोधीपुऱ्यातून जागचे हललो नाही, पण आमचे कागद मात्र कुठल्या कुठे फिरून आले. नागपूर लिहायचं, कागद इंदूरला पाठवले. इंदूर लिहायचं, आले नाहीत. इथल्या विमा ऑफिसात नंदकुमार नावाचा नवा कारकून आला, चष्मेवाला, चिकट माणूस, तो दर महिन्याला स्मरणपत्र लिहायचा. शेवटी ह्या वैशाखात कागद सापडले. नंदकुमार स्वतः घरी सांगायला आला आणि सासूबाईंनी त्याला जबरदस्तीनं दोन वाट्या आमरस पाजला.

पण कागद सापडून उपयोग काय? त्यात तर निकाल आमच्या विरुद्धच होता. आणि मग श्रावणात नंदकुमार पुन्हा आला. ह्या वेळी ओट्यावर बसेना, उभाच राहिला. म्हणाला, धूलकोटहून एक माणूस आला होता. सकाळपासून ऑफिसच्या बाकावर बसून होता. त्यानं जबाब लिहून दिलाय की बिल्ला मी स्वतःच्या हातानं दिला, माझी बायको अडली होती म्हणून दोस्त माझ्या जागी उभा राहिला, जॉबरला माहीत होतं, दोष असेल तो माझा. नंदकुमारनं त्यांना बजावलं होतं की मिल सोडून गेलेल्यांना परत घ्यायची यादी करते आहे, त्यात तुमचं नाव आहे, हा जबाब तिकडे पोचला की ते कटेल. तरी सही केली. आणि म्हणाले, त्यांच्या घरी सांगू नका. नंदकुमारनं तिसऱ्या दिवशी सांगितलं. ह्यांनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला मात्र आनंद होण्याऐवजी धडकी भरली, मालू. कारण आता एकच गोष्ट उलगडायची राहिली होती.

भादव्यात इंदूरहून बोलावणं आलं, आम्हा दोघांना. एकाच दिवशी सकाळी डॉक्टरांची तपासणी, दुपारी साहेबांपुढे सुनावणी. आम्ही आदल्या दिवशीच लालबाग स्टेशनावरून निघालो, खंडव्याला गाडी बदलली. अख्खा प्रवासभर मी ह्यांना एकच पढवत होते, की डॉक्टरांपुढे मर्दुमकी दाखवू नका. कारण ह्या दोन वर्षांत डाव्या हातानं बटण लावायला, फेटा बांधायला, विडी पेटवायला ते शिकले होते आणि येईल त्याला करून दाखवायचे. हो हो म्हणाले. आत गेले, तीन डॉक्टर समोर बसलेले, त्यांनी नुसतं विचारलं की काय काय करता येत नाही. तर आमचे हे म्हणतात, "सगळं येते साहेब, बघा!" आणि फेटा सोडून पुन्हा बांधायला लागले! मी दारात उभी, कपाळाला हात लावून. मनात म्हटलं, गेली पेन्शन. पण त्यांतले म्हातारे डॉक्टर हसले, उठून जवळ आले, फेटा बांधून होईपर्यंत थांबले, आणि मग तो उजवा हात आपल्या हातात घेऊन म्हणाले, "अब इससे धागा पकड़ के दिखाओ." मालू, नुसता अंगठा. हे तो इकडे तिकडे हलवत राहिले. मग मान खाली घातली. डॉक्टरांनी लिहिलं, विणकाम कायमचं अशक्य. लिहून झाल्यावर म्हणाले, फेटा मात्र झकास बांधलाय.

दुपारी साहेबांपुढे. साहेब वयानं फार नव्हते, पण कागद न् कागद वाचलेला. चुडामणभाऊंचा जबाब त्यांनी मान्य केला. मग म्हणाले, सगळं जुळतं, एकच जुळत नाही. हा चुडामण त्या दिवशी दापोऱ्यात होता, जखमी माणूस बेशुद्ध होता, मग दवाखान्याच्या वहीत चुडामण हे नाव लिहवलं कुणी? खोटं नाव मुद्दाम लिहवलेलं असेल तर ही फसवणूक, आणि मग मी काही करू शकत नाही. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, ये नाम किसने लिखवाया?" मी उभी राहिले आणि म्हणाले, मी.

हो मालू, मी. चुडामणभाऊंनी नाही, कुणीच नाही, मी. त्या सकाळी दवाखान्यात पोचले तेव्हा ह्यांना आत नेलं होतं. टेबलामागच्या कारकुनानं विचारलं, नवऱ्याचं नाव काय? आपल्याला कुणी कधी नवऱ्याचं नाव घेऊ दिलंय? लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झालेली, उखाण्याबाहेर ते नाव माझ्या ओठांवर आलं नव्हतं, आणि सासूबाई शेजारी उभ्या. "नाव घेशीन त त्याचं आयुष्य कमी व्हईन" हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलेलं. ह्यांचं रक्त आतून बाहेरपर्यंत सांडलेलं, आणि अशा वेळी मी त्यांचं आयुष्य कमी करू? कारकून ओरडला, लवकर बोला. मग मी ह्यांच्या सदऱ्याच्या खिशातून निघालेला बिल्ला टेबलावर सरकवला. तो बिल्ला कुणाचा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यानं नंबर पाहिला, मिलमध्ये माणूस पाठवून नाव मागवलं, आणि लिहिलं. मला हे कळलं तेव्हा तो विम्याचा माणूस तुमच्या दारात उभा होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आधी भीती वाटली की मलाच धरून नेतील. मग निकाल विरुद्ध गेला आणि वाटलं, ह्यांना कळलं की माझ्यामुळे गेलं, तर ते माझं तोंड बघणार नाहीत. आणि मग गल्लीनं चुडामणभाऊंचं नाव घेतलं, आणि ते मला सोयीचं झालं. हे मी लिहिते आहे, कारण ते तसंच होतं. तुझ्यावर ओरडले त्या दिवशी मला प्रत्येक शब्द खोटा आहे हे ठाऊक होतं. म्हणूनच इतक्या मोठ्यानं ओरडले असेन.

हे सगळं मी साहेबांपुढे असंच सांगितलं, रडत, अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या हिंदीत. टंकलेखक खाली मान घालून हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, माझी आईसुद्धा वडिलांचं नाव अजून घेत नाही, शिधापत्रिकेच्या वेळी मला शाळेतून बोलावून आणलं होतं. मग कागदावर लिहून घेतलं की पत्नीनं रूढीमुळे पतीचं नाव उच्चारलं नाही, फसवणुकीचा हेतू दिसत नाही. आणि म्हणाले, पण आता बोलावं लागेल, बाई, जबाबात तुमच्या तोंडून हवं. ह्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मी साहेबांच्या टेबलावरच्या दौतीकडे बघत म्हणाले, "शालिग्राम." एकदाच, पण चांगलं खणखणीत म्हणाले. आकाश कोसळलं नाही. टंकलेखकानं टकटक करून लिहून घेतलं, एवढंच.

परतीच्या गाडीत मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मनाची तयारी करत होते की घरी गेल्यावर माझं काही खरं नाही. खंडव्याला उतरलो. हे कुठे तरी गेले आणि डाव्या हातात चहाचा कप, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तळव्यात दुसरा कप अडकवून, सांडत सांडत आले. माझ्यापुढे धरला. म्हणाले, "दोन साल माझ्या दोस्ताला मी मनातल्या मनात शिव्या देऊन राहिलो, तुझ्यामुळे." मी म्हटलं, हो. ह्यांनी कप रिकामा केला. मग म्हणाले, "नाव घेतलं तेव्हा मी नीट ऐकलं नाही. परत घे." मी इकडे तिकडे पाहिलं, फलाट माणसांनी भरलेला. घेतलं. तर हसायला लागले! त्या आषाढानंतर मी ते हसणं विसरूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हंडा घेऊन नळावर गेले. मुद्दाम गर्दीच्या वेळेला गेले, तुला ओरडले होते त्याच वेळेला. सरुबाई होती, आशाबाई होती, तुझी जुनी शेजारीण होती. सगळ्यांना थांबवलं आणि ते नाव कुणी लिहवलं ते सांगितलं. मग सरुबाई म्हणाली, "आन् आमीबी खरं मानलं वं बाई." घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी भडकल्या, इंदूरला नाव घेतलं म्हणून. मग जात्यापाशी जाऊन दळायला बसल्या. संध्याकाळी म्हणाल्या, त्या दिवशी मीच बोलले असते तर काय झालं असतं, माझा तर लेकच.

आता हे पत्र कशासाठी, ते. माफी मागायला, हे तर आहेच, पण ती मी पत्रातून मागणार नाही. ती तुझ्या दारात उभी राहून मागेन, मग तू छडी मार. पत्र लिहायला बसले ते चुडामणभाऊंच्या जबाबामुळे. साहेबांनी तो मला वाचायला दिला होता. छापील कागद, त्यावर नंदकुमारचं अक्षर. वर रकाने होते, नाव, गाव, धंदा, घरची माणसं. घरची माणसं ह्या रकान्यात लिहिलं होतं: पत्नी मालूबाई. मुलगी एक, वय वर्षं दोन, नाव ठेवायचं आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, मालू. नंदकुमारला इथे येऊन विचारलं, तू चुकून तर नाही लिहिलंस? तो म्हणाला, मीही त्यांना दोनदा विचारलं, ते म्हणाले घरात बबी म्हणतो, पण बारसं राहिलंय, आत्या यायची आहे. एवढं सगळं मी बोलले, आणि तू दोन वर्षं माझी जागा धरून ठेवलीस? भाऊबीजेला पंधरा दिवस आहेत. आम्ही दोघं आदल्या दिवशी धूलकोटला येतोय, तू नको म्हणून कळवलंस तरी येतोय. पाट मांडून ठेव. जलेबी ह्या वेळी आमच्याकडून, पुडा मांडीवर धरून हे बसतील. आणि माझ्या भाचीचं नाव मी ठरवलं आहे, पण ते इथे लिहीत नाही. ते आधी तिच्या कानात सांगेन, मग तुम्हा सगळ्यांना.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच
कुसुम